जमिनींत दडणारा बेडूक व त्याचें वर्गीकरण

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला म्हणजे त्याच रात्रीं बांधाच्या पोटाशीं, पडीक तुकड्यांत व गाडीवाटेच्या चाकोरींत सांचलेल्या पाण्यांत बेडकांचा कल्लोळ सुरू होतो. आदल्या दिवसापर्यंत जेथें धुळीवांचून कांहीं नव्हतें, तेथें इतके बेडूक एकाएकीं आले कोठून, हा प्रश्न प्रत्येक शेतकऱ्याच्या मनांत एकदां तरी आलेला असतो. पावसाबरोबर बेडूक आकाशांतून पडतात असें कित्येक ठिकाणीं म्हटलें जातें. वाळलेली माती भिजली कीं तिचाच बेडूक होतो, असेंही कोणी सांगतात. या दोन्ही समजुती खऱ्या नाहींत. हे बेडूक आपल्याच शेतांत, आपल्याच पायांखालीं, वर्षांतले कित्येक महिने मातींत स्वस्थ बसलेले असतात. पावसाची ओल खालीं पोंचली म्हणजे ते वर येतात, इतकेंच.

अशा रीतीनें जमिनींत दडणारे बेडूक एकाच प्रकारचे नाहींत. त्यांपैकीं शास्त्रांत ज्यास 'स्फीरोथेका' असें नांव आहे, त्या एका प्रजातीविषयीं व तिच्या वर्गीकरणाविषयीं या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या चाकरीचा काळ महसुलाच्या दप्तरांत गेला. प्राणिशास्त्र हा आमचा धंदा नव्हे. तथापि नांव, हद्द, नोंद व वारसा यांचे तंटे आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. आणि या बेडकांच्या वर्गीकरणाचा इतिहास वाचतांना तेच तंटे तेथेंही आमच्या दृष्टीस पडले. ज्या वाचकास आपल्या जमिनीचा सात-बारा वाचतां येतो, त्यास हा विषय समजण्यास कांहींच अडचण पडूं नये.

बेडकाची ओळख

स्फीरोथेका प्रजातीचा बेडूक मध्यम बांध्याचा, बहुधा दोन इंचांच्या आंतबाहेर लांबीचा असतो. अंग बसकें व फुगीर, डोकें आंखूड व रुंद, डोळे ठळक, मागचे पाय शरीराच्या मानानें तोकडे. रंग मातीसारखा तपकिरी अथवा करडा असून त्यावर गडद ठिपके असतात. कित्येकांच्या पाठीच्या मध्यावरून एक फिकट रेघ गेलेली असते. रंगावरून मात्र निदान करूं नये. एकाच डबक्यांतल्या दोन बेडकांचे रंग निराळे असूं शकतात.

खरी खूण मागच्या पायाच्या तळव्यास आहे. तळव्याच्या आंतल्या बाजूस, अंगठ्याच्या मुळाशीं, एक कठीण, चपटा व धारदार उंचवटा असतो. हेंच त्याचें फावडें. कुदळीनें खणणारा मनुष्य समोरची माती ओढतो. हा बेडूक पाठमोरा खणतो. तो बुड टेकून बसतो व एकदां उजव्या, एकदां डाव्या पायाच्या फावड्यानें खालची माती बाजूस सारतो. असें करीत तो किंचित् फिरत फिरत खालीं उतरतो. प्रथम बुड, मग पाठ व सर्वांत शेवटीं डोकें मातींत जातें. वरची सैल माती आपोआप त्यावर ढांसळते. त्यामुळें उंदराच्या किंवा खेंकड्याच्या बिळासारखें उघडें भोंक मागें राहत नाहीं, आणि म्हणूनच तो कोठें बसला आहे हें आपणांस कळत नाहीं. वाळूसर, मुरमाड किंवा मशागतीनें भुसभुशीत झालेली जमीन त्यास सोयीची पडते.

बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं. पोटाच्या व मांड्यांच्या कातडीवाटे ओल आंत शोषून घेतो, आणि त्याचा कांहीं श्वासही कातडीवाटेच चालतो. उन्हाळ्यांत उघड्यावर राहिला तर याच कातडीवाटे त्याच्या अंगांतलें पाणी उडून जाऊन तो मरेल. मातींत दडणें हा त्याचा उन्हाळ्यावरचा उपाय आहे. पावसाळ्यांत तो वर येतो, नर डबक्याच्या कांठीं बसून गळ्याची पिशवी फुगवून ओरडतो, मादी उथळ पाण्यांत अंडीं घालते, व त्यांतून शेपटीचीं पिलें निघतात. डबकें आटण्यापूर्वीं या पिलांस पाय फुटून शेपटी जिरली पाहिजे. पाणी आधीं आटलें कीं त्या डबक्यांतली सगळी वीण वायां जाते. ही शर्यत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

गण, कुल, प्रजाति व जाति

एखाद्या जमिनीचा पत्ता सांगतांना आपण जिल्हा, तालुका, गांव व गट नंबर अशा पायऱ्यांनीं खालीं येतों. प्राण्यांचा पत्ताही असाच आहे. सर्व बेडूक मिळून एक गण. त्या गणांत अनेक कुलें. कुलांत अनेक प्रजाति. आणि प्रजातींत एक किंवा अनेक जाति. प्रत्येक जातीचें नांव दोन शब्दांचें असतें: पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. प्राण्यांसाठीं ही पद्धत स्वीडनच्या लिनियस या पंडिताच्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या आवृत्तीपासून ग्राह्य धरतात. त्यापूर्वीचीं नांवें दाखल होत नाहींत.

या दप्तराचे दोन नियम वाचकांनीं लक्षांत घ्यावे. पहिला असा कीं, नांव देणारानें ज्या प्राण्यावरून वर्णन लिहिलें तो प्राणी संग्रहालयांत जपून ठेवावयाचा. त्यास नामनमुना म्हणतात. पुढें वाद पडला तर केवळ शब्दांवर निकाल होत नाहीं. नमुना काढून पाहतात. बांधाचा तंटा तोंडीं सांगण्यावर न तोडतां हद्दीच्या दगडापासून मोजणी करितात, तसेंच हें आहे. दुसरा नियम अग्रहक्काचा. एकाच जातीस दोघांनीं दोन नांवें दिलीं असें सिद्ध झालें, तर जें आधीं प्रसिद्ध झालें तें चालतें व नंतरचें मागें पडतें. मात्र मागें पडलेलें नांव दप्तरांतून नाहींसें होत नाहीं. सात-बारावर कमी झालेल्या नांवास कंस करून तें वाचतां येईल असें ठेवितात, तद्वत् तें जुन्या नांवाच्या खालीं पर्याय म्हणून नमूद राहतें.

नांवांचा इतिहास

आपल्या या बेडकाची पहिली नोंद १७९९ सालची आहे. जर्मन पंडित श्नायडर यांनीं 'राना ब्रेव्हिसेप्स' असें नांव दिलें. लॅटिन भाषेंत 'राना' म्हणजे बेडूक व 'ब्रेव्हिसेप्स' म्हणजे आंखूड डोक्याचा. वर्णन युरोपांत पोंचलेल्या नमुन्यावरून झालें. तो कोणत्या गांवच्या शिवारांत सांपडला याचा पत्ता त्या काळच्या रीतीप्रमाणें अगदींच मोघम राहिला. चतुःसीमा न लिहिलेलें खरेदीखत जसें पुढें तंट्याचें मूळ होतें, तसेंच या नांवाचें झालें. पुढें दोनशें वर्षें सिंधपासून श्रीलंकेपर्यंत कोठेंही बसका, फावडें असलेला बेडूक सांपडला कीं बहुधा त्यास ब्रेव्हिसेप्स म्हणून मोकळें होण्याची वहिवाट पडली.

१८५३ सालीं मद्रास इलाख्यांतील लष्करी वैद्य जर्डन यांनीं 'पिक्सिसेफॅलस प्लुव्हिअॅलिस' असें नांव एका बेडकास दिलें. 'प्लुव्हिअॅलिस' म्हणजे पावसाचा. पिक्सिसेफॅलस ही प्रजाति मुळांत आफ्रिकेंतील मोठ्या बेडकांची. १८५९ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमांतील बेडकांची यादी प्रसिद्ध करितांना गुंथर यांनीं 'स्फीरोथेका' हें प्रजातिनाम प्रथम योजिलें. परंतु तें लवकरच मागें पडलें. त्याच संग्रहालयांत पुढें काम करणारे बूलेंजर यांनीं १८८२ च्या आपल्या यादींत या बेडकांना पुनः 'राना' या विस्तीर्ण प्रजातींत घातलें, व मंगळुराहून आलेल्या एका बेडकास 'राना डॉब्सोनाय' असें नांव दिलें. १८९० सालीं निघालेल्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिग्रंथांतही हेच नांव राहिलें. १९३७ सालीं बेंगळूरचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांनीं कोडगूंतील वट्टेकोले येथील बेडकास 'राना ल्यूकोऱ्हिंकस' म्हणजे पांढऱ्या मुस्कटाचा असें नांव दिलें. आपल्या देशांतील पंडितानें आपल्याच देशांत बसून या गटांत घातलेली ही नोंद म्हणून तिचें महत्त्व आहे.

'राना' ही त्या काळीं फार मोठी व सरमिसळ प्रजाति होती. साऱ्या जगांतले नानाप्रकारचे बेडूक तींत कोंबलेले होते. एका खात्यावर सगळ्या गांवची जमीन चढवावी तसा तो प्रकार होता. खातेफोड होणें अटळ होतें.

आफ्रिकेशीं जोडलेलें नातें

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही खातेफोड होऊं लागली, तेव्हां आपल्या बेडकांना 'टोमोप्टेर्ना' या प्रजातींत घालण्यांत आलें. हें नांव १८४१ सालचें, फ्रेंच पंडित द्युमेरिल व बिब्रों यांचें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ कापणारी टांच असा होतो. या प्रजातीचा मूळ बेडूक दक्षिण आफ्रिकेंतला. त्याचें अंग बसकें, पाय तोकडे, तळव्यास फावडें, व तोही पाठमोरा मातींत शिरणारा. दोन्ही बेडूक शेजारीं ठेविले तर चांगला जाणताही क्षणभर घोटाळेल. तेव्हां आफ्रिकेंतले व हिंदुस्थानांतले हे बेडूक एकाच घराण्याचे, असें पुष्कळांस वाटणें स्वाभाविक होतें. तथापि सूक्ष्म लक्षणें पाहणाऱ्या कांहीं अभ्यासकांस, विशेषतः फ्रान्सचे द्युब्वा यांस, आशियांतील शाखा निराळी धरावी असें १९८० च्या पुढील काळांत दिसूं लागलें होतें.

निकाल २००० सालच्या सुमारास लागला. प्रत्येक प्राण्याच्या पेशींत आनुवंशिक द्रव्य असतें, त्यास डी.एन.ए. म्हणतात. तें आईबापांकडून पोरांकडे उतरतें, व उतरतांना कालांतरानें त्यांत लहान लहान फरक सांचत जातात. दोन प्राण्यांच्या द्रव्यांत फरक थोडे असले तर त्यांची फारकत अलीकडची, पुष्कळ असले तर फार जुनी. शरीराचें रूप ही साक्ष आहे. परंतु हें द्रव्य ही वंशावळच आहे. ती वंशावळ उलगडली तेव्हां असें दिसून आलें कीं, आफ्रिकेंतला टोमोप्टेर्ना हा तेथील पिक्सिसेफॅलिडी कुलांतला, आणि आपला स्फीरोथेका हा डायक्रोग्लॉसिडी या निराळ्या कुलांतला. याच दुसऱ्या कुलांत आपल्या विहिरीओढ्यांतला मोठा बेडूक व भातखाचरांतले लहान बेडूक येतात. म्हणजे आपल्या फावडेवाल्याचा जवळचा भाऊबंद समुद्रापलीकडचा फावडेवाला नसून शेजारच्या खाचरांतला, फावडें नसलेला बेडूक आहे. गुंथर यांचें १८५९ सालचें नांव अशा रीतीनें पुनः वापरांत आलें.

मग दोघांचें फावडें सारखें कसें? कारण गरज सारखी. जेथें पाऊस कांहीं महिनेच पडतो व उरलेलें वर्ष कोरडें जातें, तेथें मातींत शिरूं शकणारा बेडूक तगतो. अमेरिकेच्या कोरड्या प्रदेशांतही फावडेवाले बेडूक आहेत, व ते तिसऱ्याच कुलाचे. आपल्याकडे 'उपेरोडॉन' नांवाचे फुग्यासारखे गोल, अगदीं लहान तोंडाचे बेडूक जमिनींत दडतात. त्यांचें कुलही वेगळें. दोन गांवचे सुतार सारखाच वाकस वापरतात म्हणून ते चुलतभाऊ ठरत नाहींत. हत्यार धंद्यावरून येतें, वारसा जन्मावरून. वर्गीकरण करावयाचें तें वारशावरून, हा या प्रकरणाचा मुख्य धडा होय.

एका खात्यांतले अनेक हिस्सेदार

प्रजातीचा प्रश्न सुटला, परंतु जातींचा उरला. 'ब्रेव्हिसेप्स' या एका नांवाखालीं किती निरनिराळे बेडूक दडले आहेत, हें पाहण्याचें काम गेल्या कांहीं वर्षांत नेटानें सुरू झालें आहे. शरीराचीं मापें, पायाचें फावडें व बोटें यांचें प्रमाण, नराच्या ओरडण्याचा ध्वनि, आणि आनुवंशिक द्रव्य हीं चारी एकत्र ताडून पाहतात. एकाच साक्षीदारावर भिस्त ठेवीत नाहींत.

या कामांत महाराष्ट्राचाही वांटा आहे. २०१७ सालीं पुण्याच्या अभ्यासकांनीं पश्चिम भारतांतील बेडूक हा खरा ब्रेव्हिसेप्स नव्हे असें दाखवून त्यास 'स्फीरोथेका पश्चिमा' हें नांव दिलें. २०१९ सालीं झारखंडांतून 'स्फीरोथेका मगधा' या जातीचें वर्णन झालें. २०२० सालीं बेंगळूर शहराच्या कडेच्या पडीक जमिनींत सांपडलेल्या बेडकास 'स्फीरोथेका बेंगळुरु' म्हणण्यांत आलें. आणि २०२४ सालीं त्याच बाजूच्या दुसऱ्या एका जातीस 'वर्षाभू' हें नांव मिळालें. वर्षाभू हा बेडकास असलेला जुना संस्कृत शब्द असून पावसांत उत्पन्न होणारा असा त्याचा अर्थ आहे.

'पश्चिमा' या नांवाची पुढची हकीगत मोठी बोधप्रद आहे. नेपाळांतील एका बेडकास १९९८ सालींच 'मास्कीयाय' असें नांव मिळालें होतें. २०२१ सालीं नेपाळच्या बेडकांचा नवा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत हे दोन्ही बेडूक एकाच जातीचे ठरविण्यांत आले. मग अग्रहक्काचा नियम लागला: १९९८ चें नांव आधींचें, म्हणून तें कायम, २०१७ चें नांव त्याखालीं पर्याय. यामुळें पुण्याच्या अभ्यासकांचें काम वायां गेलें असें कोणी समजूं नये. आपल्याकडचा बेडूक ब्रेव्हिसेप्स नव्हे, हा त्यांचा मुख्य शोध या निर्णयानें खोटा ठरत नाहीं. बदललें तें फक्त नांव. फेरफार मंजूर होऊन खातेदाराचें नांव बदललें म्हणून शेताची मोजणी खोटी होत नाहीं.

आजमितीस या प्रजातींत सुमारें दहा जाति धरितात, व त्यांचा विस्तार पाकिस्तान, भारत, नेपाळ, श्रीलंका व म्यानमार या देशांत आहे. या दप्तराचें काम अद्याप चालू आहे.

शेतकऱ्यास याचें काय?

कोणी म्हणेल कीं, बेडकाचें नांव कांहीं का असेना, त्यानें आमच्या पिकांत काय फरक पडतो? हा प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर फुगवून देण्याची आमची इच्छा नाहीं. बेडूक हा कीटकनाशकाचा पर्याय नव्हे. तो किडे, वाळवी, मुंग्या, अळ्या, जें हालतांना दिसेल व तोंडांत मावेल तें खातो. त्यांत पिकाचा शत्रु कोणता व मित्र कोणता हा विवेक त्यास नाहीं. तथापि ऐन खरिपाच्या उगवणीच्या वेळीं, जेव्हां किड्यांची वीण जोरांत असते, तेव्हां रात्रभर शेतांत फिरून मजुरीवांचून त्यांस टिपणारा हा प्राणी आपल्या बाजूस आहे, इतकें निःसंशय म्हणतां येतें. आपल्या देशांतून बेडकांच्या तंगड्या परदेशीं पाठविण्याचा मोठा व्यापार होता. तो सरकारनें १९८७ सालीं बंद केला, त्याच्या कारणांत शेतांतील किडे खाणारा प्राणी नाहींसा होत चालल्याची चिंता ही एक होती.

परंतु वर्गीकरणाचा खरा संबंध याहून खोल आहे. ब्रेव्हिसेप्स हा बेडूक दूरवर पसरलेला म्हणून जागतिक यादींत त्याविषयीं चिंतेचें कारण अल्प असा शेरा पडला. आतां ज्या एका नांवावर हा शेरा पडला त्या नांवाखालीं अनेक जाति निघत आहेत, व त्यांपैकीं कित्येकांचा प्रदेश एखाद्या जिल्ह्याएवढाही असूं शकेल. दहा हिस्सेदारांची जमीन एकाच्या नांवावर असली, तर त्यांतल्या एका हिस्सेदाराचा तुकडा वाहून गेला तरी उताऱ्यावर तें दिसत नाहीं. क्षेत्र मोठें दिसतें, म्हणून कोणी चौकशीही करीत नाहीं. बेडकाचें तसेंच आहे. एखाद्या तालुक्यांतली जाति समूळ नष्ट झाली, तरी 'हा बेडूक सर्वत्र आहे' असें दप्तर सांगत राहील. ज्याची नोंद नाहीं त्याची हानिही नोंदली जात नाहीं. चाकरींत हें आम्हीं मनुष्यांच्या बाबतींत पाहिलें आहे. मुक्या प्राण्याच्या बाबतींत तर त्याच्या वतीनें अर्ज करणाराही कोणी नाहीं.

आणि हानि होण्याचीं कारणें आपल्या शिवारांतच आहेत. पूर्वीं बांधाच्या कडेला, पाणंदींत, पडीक तुकड्यांत पावसाचें पाणी सांचून राहत असे. हल्लीं यंत्रानें जमीन सपाट करितात, खड्डे बुजवितात, पडीक तुकडे विकून त्यांवर घरें होतात. हा बेडूक उन्हाळा मातींत काढूं शकतो. परंतु डबक्यावांचून त्याची वीण होऊं शकत नाहीं. दुसरें कारण औषधांचें. ज्याची कातडी पाणी शोषते ती विषही शोषते. फवारणीचा पंप डबक्यांत धुतला तर त्यांतलीं पिलें एका दिवसांत मरावयाचीं.

बेडूक वाढले तर साप वाढतील, अशीही एक शंका आहे. साप बेडूक खातात हें खरें. पण शेतांत सापांस ओढून आणणारें मुख्य भक्ष्य उंदीर होय. उंदरांची बिळें राखून बेडकांचीं डबकीं बुजविणें हा उफराटा न्याय होईल. रात्रीं शेतांत जातांना पायांत जोडा व हातांत दिवा असावा, हा नियम बेडूक असोत वा नसोत, पाळलाच पाहिजे.

आपण काय करावें

आमच्या शेतकरी बंधूंस चार गोष्टी सुचवाव्या असें वाटतें. त्यांत खर्च कांहींच नाहीं.

पहिली: शेताच्या ज्या कोपऱ्यांत पीक येत नाहीं व पावसाचें पाणी सांचतें, तो कोपरा पावसाळाभर तसाच ठेवावा. शेपटीचीं पिलें पायांनीं चालूं लागून बाहेर पडेपर्यंत तें पाणी मोडूं नये.

दुसरी: औषधाचा पंप, डबे व बादल्या या पाण्यांत किंवा त्याच्या चढावर धुऊं नयेत.

तिसरी: नांगरटींत किंवा विहिरीच्या खोदकामांत दडलेला बेडूक वर आला तर तो मेला असें समजून उन्हांत टाकूं नये. तो सुस्त असतो, मृत नसतो. सावलींत, सैल व किंचित् ओल्या मातीवर ठेवावा. अंगांत बळ असल्यास तो आपण होऊन पुनः आंत शिरेल.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती नोंदीची. पहिल्या पावसानंतर जो बेडूक दिसेल त्याचें टिपण ठेवावें. त्यांत तारीख, आदल्या चोवीस तासांतला पाऊस, गांव व गट नंबर, मातीचा प्रकार, पाणी सांचलेलें होतें कीं नाहीं, बेडकाची तोंडापासून बुडापर्यंतची लांबी, व तळव्यास फावडें एक ठळक कीं दोन, इतके रकाने असावे. दोन सारखीं ठळक फावडीं व लहान तोंड असेल तर तो बहुधा उपेरोडॉन. आंतल्या बाजूचें एकच मोठें फावडें व रुंद तोंड असेल तर स्फीरोथेका. अंगावर कोरड्या गांठी व डोळ्यामागें फुगवटा असला तर तो भेक. त्याची गणती वेगळी करावी. हल्लीं घरोघरीं मोबाईल आहे. त्यानें पाठीचें, पोटाचें व तळव्याचें अशीं तीन छायाचित्रें घ्यावीं, आणि नर ओरडत असल्यास तो ध्वनिही भरून ठेवावा. ओल्या हातानें बेडूक अलगद धरावा, काम झाल्यावर जेथल्या तेथें सोडावा, व मागून आपले हात धुवावे. बेडूक मारून ठेवण्याचें कारण नाहीं. जवळच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे अध्यापक असतील त्यांस हें टिपण दाखवावें. त्यांना प्रत्येक शिवारांत पहिल्या पावसाच्या रात्रीं जातां येणें शक्य नाहीं. आपण तर तेथेंच असतों.

१७९९ सालच्या नोंदींत गांवाचें नांव नव्हतें, म्हणून दोनशें वर्षें घोटाळा चालला. आपल्या वहींत गांव, गट व तारीख असेल, तर तसा घोटाळा पुढच्यांस निस्तरावा लागणार नाहीं. या संस्थेच्या सभासदांनीं आपापल्या गांवचें असें एक एक टिपण ठेविलें, तर एका पावसाळ्यांत आपल्या भागांतल्या या बेडकांचा एक चांगला पाहणीतक्ता तयार होईल. मृगास अवकाश आहे तोंच वहीचे रकाने आंखून ठेवावे, अशी सर्व वाचकांस आमची विनंती आहे.